‘मानवी’ खोडणार नाही

प्रयोगशाळेत सगळे त्यांना बर्फाक्का म्हणत. एकोणीस वर्षं त्यांचं काम एकच. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमधून आलेल्या इवल्याशा कुप्या सुक्या बर्फात पुरायच्या, थर्माकोलचा खोका चिकटपट्टीने बंद करायचा आणि परदेशी रवाना करायचा. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. पण कुपीत काय आहे हे समजल्याशिवाय खोक्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा हट्ट.

“समजून काय करणार, अक्का?” एका नव्या शास्त्रज्ञाने विचारलं होतं.

“खोका हरवला तर बोंब कशाच्या नावाने मारू?”

त्या वर्षी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी सात महिने खपून एक प्रथिन तयार केलं. मेंदूतल्या पेशींच्या आवरणात कॅल्शियम आत घेणारी दारं असतात. त्यांतल्या एका दाराचा हा छोटा भाग. माणसाच्या जनुकाची नक्कल जिवाणूंमध्ये घालून त्यांच्याकडून तो करवून घेतलेला. परदेशातल्या एका गटाला फिट्सच्या संशोधनासाठी तो हवा होता. खोका निघाला आणि मालतपासणीच्या कार्यालयात अडकला. लेबलवर ‘मानवी’ लिहिलं होतं म्हणून.

बाई गावाला गेलेल्या. व्यवस्थापक म्हणाले, “नवं लेबल पाठवून द्या. ‘रसायन’ लिहा, सुटेल.”

अक्कांनी ऐकून घेतलं, पाच किलो सुका बर्फ डब्यात भरला आणि बस पकडली. वाटेत नवऱ्याचा फोन. त्याचं शिवणकामाचं दुकान होतं आणि भांडणाचं त्याला वावडं. “तीन वर्षं राहिलीत नोकरीची. कशाला हात दाखवून अवलक्षण?”

“मी हात नाही, कागद दाखवायला चाललेय,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मालतपासणीच्या कारकुनाने फाइल उघडली. “हे कुणाचं आहे?”

“आमच्या प्रयोगशाळेचं.”

“तसं नाही. मानवी लिहिलंय ना? मग माणूस कोण? जिवंत आहे की गेला? संमतीपत्र तरी आणा, नाहीतर मृत्यूचा दाखला.”

अक्कांना हसू आवरेना. “अहो, शिंप्याने तुमच्या मापाचा सदरा शिवला, तर तो तुमच्या कातडीचा होतो का? माप माणसाचं. शिवणारे जिवाणू.”

कारकून ओशाळला, पण हटला नाही. “मग ‘मानवी’ खोडा आणि ‘रसायन’ लिहा. तुमचंही काम होईल, माझंही.”

“आणि तिकडचा माणूस लेबल वाचून प्रयोग करतो, त्याचं काय? उंदराचं की माणसाचं, हे त्याला कळायला नको?”

“एका शब्दासाठी एवढा आटापिटा?”

“अडवलंयत कशासाठी? त्याच एका शब्दासाठी ना!”

अक्का समोरच्या बाकावर ठाण मांडून बसल्या. एक वाजला. त्यांनी डबा पुढे केला. “खोक्यातला बर्फ संपत आला असेल. भरू द्या.” परवानगी नाही, असं उत्तर आलं. त्यांनी आवाज चढवला, तेव्हा आतले साहेब बाहेर आले. “बाई, हे कार्यालय आहे, धर्मशाळा नाही.”

“उठते की. माल खराब झाला तर जबाबदार कोण, तेवढं नाव सांगा.”

साहेबांनी बर्फ भरू दिला. जाड हातमोजे चढवून अक्कांनी खडा न् खडा खोक्यात रचला. वाफ टेबलावरून खाली ओघळली, तसे दोन कारकून खुर्च्या सोडून पळाले.

“पण खोका जाणार नाही. नाही म्हणजे नाही,” साहेब म्हणाले.

“मग नाही असं लेखी द्या. कुठल्या नियमाने, तेही लिहा. खाली सही.”

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने साहेबांकडे. पेन कुणीच उचलेना. शेवटी नियमांचं पुस्तक निघालं. मनाई होती ती रक्ताला, अवयवांना, अंगातून काढलेल्या मांसाला. प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रथिनाबद्दल तिथे अक्षरही नव्हतं. चारच्या सुमारास शिक्का बसला.

अक्कांनी पावती वाचली. तिच्यावर ‘रसायन’ लिहिलं होतं. त्यांनी ती परत सरकवली. “दुसरी करा.”

“बाई, आता तरी पुरे!”

“मी बसते. तुम्ही लिहा.”

दुसरी पावती झाली, ‘मानवी’ लिहिलेली. तिसऱ्या दिवशी परदेशातून निरोप आला की खोका पोचलाय आणि आत अजून बर्फ आहे. बाई परतल्यावर अक्कांच्या टेबलाशी आल्या आणि त्या पावतीची एक प्रत मागून घेऊन गेल्या.

व्यवस्थापकांनी मात्र दुसराच कागद पुढे केला. परवानगीशिवाय कामाची जागा सोडली, वरिष्ठांचं ऐकलं नाही, अशी ताकीद त्यांनी टाइप करून आणली. “वाचा आणि खाली सही करा.”

अक्कांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, सही केली. सहीच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं: ‘वाचलं. पटलं नाही.’