रेजीनचा नवा सायलेन्सर

रेजीन लाकाझ घरोघर जाऊन केस कापायची. आमच्या मोर्गास गावात सलून नव्हतं आणि म्हाताऱ्या बायकांना केसांसाठी शहरापर्यंत जाणं जिवावर यायचं, त्यामुळे रेजीनला कामाला तोटा नव्हता. मोटारीच्या लायसन्सच्या परीक्षेत ती इतक्यांदा नापास झाली होती की शेवटच्या वेळी परीक्षक मध्येच उतरून चालत घरी गेला. तेव्हापासून तिनं मोटारीचा नाद सोडला आणि निळ्या मोपेडवर गावं पालथी घालू लागली. मागे कात्र्यांची पेटी, पुढे टोपलीत ड्रायर. वय बावन्न. केसांचा रंग मात्र दर दोन महिन्यांनी वेगळा.

मी तिची शेजारीण. माझी बदकं आहेत, आणि एक मोठं कोठार, जिथं ती मोपेड ठेवायची.

आन्सेल्म द्युप्रा बाजारात लसूण विकायचा आणि गावच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा. ऑगस्टच्या जत्रेतली मोपेडची शर्यत दरवर्षी तोच जिंकायचा. चर्चच्या चढावर रेजीन दिसली की हा हटकून मागून येऊन पुढे निघायचा, वर ओरडायचा, "काय रेजीन, पायी निघालीस काय?"

त्या वसंतात तिला एका नवरीचे केस बांधायचे होते. चढावरच्या नवरीच्या घरी पाहुणेमंडळी अंगणात उभी होती. आन्सेल्मनं तिला गाठलं, बरोबरीनं मोपेड चालवली आणि लसणाची एक अख्खी वेणी तिच्या टोपलीवर टाकली. "घे, वजन कमी पडतंय तुझ्या गाडीला!"

पाहुणे खो खो हसले. नवरीचे केस बांधताना रेजीनच्या हाताला लसणाचा वास येत होता. संध्याकाळी ती तडक माझ्याकडे आली.

"यंदा मी शर्यतीत उतरणार."

"कशावर?"

"माझ्या मोपेडवर. आणखी कशावर?"

मला हसू आलं. मग तिचा चेहरा पाहिला आणि आवरलं.

आठवड्याभरात तिनं शहरातून वेग वाढवणारा नवा सायलेन्सर आणला. दोन्हीकडे बारीक, मध्ये फुगलेला, उंदीर गिळून बसलेल्या सापासारखा. तो बसवून तिनं मोपेड सुरू केली तेव्हा माझी बदकं तळ्यात पळाली. ती ऐटीत चढावर निघाली, मीही मागून चालत गेले. आवाज विमानाचा आणि वेग गोगलगाईचा! मोपेड पूर्वीपेक्षाही हळू चालली होती. गावातल्या म्हाताऱ्या मादाम सॅन्स काठी टेकत तिच्या बरोबरीनं चालत होत्या आणि वर हवापाण्याच्या गप्पा मारत होत्या.

"दुकानदारानं फसवलं तुला," मी म्हटलं.

"थांब गं जरा."

तिनं मोपेड स्टँडवर घेतली, बाजूचं झाकण काढलं आणि मागचं चाक फिरवत कितीतरी वेळ पट्ट्याकडे बघत बसली.

"हे बघ," ती शेवटी म्हणाली. "हा सायलेन्सर इंजिन जोरात फिरलं तरच खरी ताकद देतो. पण इथं पुढच्या पुलीत, व्हेरिएटरमध्ये रोलर आहेत. गाडी पळायला लागली की ते बाहेर फेकले जातात आणि पट्ट्याला वर ढकलतात. म्हणजे वरचा गिअर पडल्यासारखंच. ते आत्ता फार लवकर ढकलतायत. इंजिनानं दम भरायच्या आतच."

"मग?"

"मग रोलर हलके करायचे."

केसांचा रंग मोजायचा तिचा काटा होता, त्यावर तिनं रोलर तोलले आणि गिरमिटानं भोकं पाडून हलके केले. माझ्या शेतातल्या वाटेवर पहिली चाचणी झाली. इंजिन नुसतं किंचाळत होतं, मोपेड काही पळेना. आता पट्टा वर चढतच नव्हता.

"जास्त कापलं," ती म्हणाली. "केसांत असं झालं असतं तर बाईनं जीव घेतला असता माझा."

नवे रोलर आणून पुन्हा तोलणं, पुन्हा चाचणी. एकदा स्पार्क प्लग काढून माझ्या नाकापुढे धरला. "ब्लीच केल्यासारखा पांढराफटक! सायलेन्सर जास्त हवा ओढतोय, पेट्रोल पुरत नाही." मग कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेटही मोठा घातला, आणि प्लग हवा तसा तपकिरी झाला.

आवाज ऐकून एक दिवस गावचा पोलीसही आला.

"मॅडम, तक्रार आहे."

"रस्त्यावर आता जुनाच सायलेन्सर लावते हो मी. हा फक्त शेतात. आणि गुरुवारी तुमच्या आईंकडे येतेय, सांगा त्यांना."

"बरं, बरं. पण जरा लांबच्या टोकाला चालवा," तो म्हणाला, आणि जाता जाता थांबून एक फेरी बघूनही गेला.

शर्यत गहू कापलेल्या शेतात होती. आन्सेल्मनं तिला पाहिलं आणि टोपी काढून वाकून नमस्कार केला. निशाण पडलं. वळणांवर तो कसलेला गडी, रेजीन मात्र प्रत्येक वळणाला ब्रेक दाबायची. पण सरळ वाटेवर आली की इंजिनाचा सूर चढायचा, तिथंच टिकायचा, आणि मोपेड पुढे सरकतच राहायची. दर फेरीला दोघांतलं अंतर कमी. शेवटच्या फेरीत ती त्याच्या शेजारून गेली. काहीतरी झणझणीत बोलायचं ठरवलं होतं म्हणे, पण नेमकी तोंडात माशी गेली.

रेषा तिनं आधी ओलांडली. मग ब्रेक लावायचंच विसरली, आणि सरळ शेजारच्या सूर्यफुलांत घुसली! मोपेड दिसेना, बाई दिसेना, फक्त फुलं एकेक करून आडवी होताना दिसत होती.

सगळे धावले. सर्वांत पुढे आन्सेल्म. रेजीन मातीत बसली होती, केसांत पाकळ्या, आणि हसू थांबत नव्हतं.

"लागलं का गं?"

"वेगाच्या तबकडीवर सत्तरच्या पुढे आकडेच नाहीत रे! काटा तिथं टेकून थरथरत होता!"

तो तिच्या शेजारी बसला. मोडलेलं एक फूल उचलून तिच्या हातात दिलं आणि हळूच विचारलं, "रोलर किती वजनाचे घातलेस?"

"नाही सांगणार."

संध्याकाळच्या पंगतीत बदक वाढत असताना तो पुन्हा विचारत होता, जेवणाअखेर चीज आलं तेव्हाही. ती वाइन ओतून विषय बदलायची.

पुढच्या उन्हाळ्यात दोघं मोपेडवरून समुद्रापर्यंत जाऊन आले, उन्हानं नाकं लाल करून. गावानं लग्नाचं विचारलंच. रेजीन म्हणाली, "घाई काय आहे? समुद्रावरून येताना कोण पुढे होतं, त्याचं भांडण आधी मिटू दे."