हातसडीचा किन्वा

फ्रँकफर्टच्या ऑफिसात मी एकदा साहेबांना साबणाचा उपमा खायला घातला. साबण टाकला नव्हता. चव मात्र तीच.

धान्य आयात करणाऱ्या एका कंपनीत तेव्हा मी खरेदीचं काम बघायचे. वय तिशीचं, पुण्याहून आणलेला आत्मविश्वास पन्नाशीचा. अँडीज पर्वतातल्या एका प्रांतातून, तिथल्या शेतकऱ्यांनी काढलेल्या कारखान्याच्या इंजिनियर बाई आल्या होत्या. आजवर त्यांचा किन्वा, म्हणजे तिकडचं बारीक दाण्याचं धान्य, कच्चाच पोत्यांत भरून बाहेर जायचा. तो घासून-धुऊन विकायचे दुसरेच, आणि नफाही त्यांचाच. आता यंत्रं बसवली होती, पण गिऱ्हाईक नव्हतं. आमची ऑर्डर मिळाली तर कारखाना चालणार, नाहीतर कुलूप.

साहेबांना चव दाखवायला रांधायचं काम माझ्याकडे होतं. बाईंनी दोन पिशव्या ठेवल्या, एक शेतातली, एक कारखान्यातली. "शिजवायची ती ही," असं कारखान्याच्या पिशवीवर बोट ठेवून सांगितलं आणि त्या साहेबांबरोबर गोदाम बघायला गेल्या.

मी हातसडीच्या तांदळावर वाढलेली. यंत्रातून निघालेल्या दाण्यात सत्त्व कुठलं उरतंय? शेतातली पिशवी फोडली. दिसायला आपला राजगिराच. धुतला नाही, कारण धुतल्यावर जीवनसत्त्वं जातात हे मला ठाऊक होतं. मला तेव्हा सगळंच ठाऊक असायचं. पातेल्यात फेस आला, तो मला ताजेपणाचा वाटला. वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आणि खोबरं.

साहेबांनी घास घेतला आणि "इंटरेसांट" म्हणाले. जर्मन माणूस जेवताना असं म्हणाला की पुन्हा वाढायला जाऊ नये. ते घड्याळ बघत उठायलाच लागले.

बाईंनी चमचा जिभेला लावला. "कुठल्या पिशवीतला?"

"शेतातला. नैसर्गिक म्हणून."

"नैसर्गिक तर आहेच. आम्ही यंत्रात घासून काढतो तो हाच साबणासारखा कडू थर. पाखरांनी खाऊ नये म्हणून तो दाण्यावर असतो. पाखरांना कळतं ते."

मग साहेबांना बसवून घेऊन त्यांनी दुसरी पिशवी नुसतं मीठ घालून शिजवली. साहेबांनी दोनदा घेतलं. जर्मन शिस्तच ती, तुलनेसाठी माझ्या उपम्याचाही आणखी एक घास गिळला. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं ते म्हणाले, "कारखान्यातलाच पाठवा."

लिफ्टपाशी मी माफी मागायला गेले. बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आमच्याच गावातले लोक विचारत होते, एवढा कारखाना कशाला हवा? मला नीट सांगता येत नव्हतं. तुम्ही एका पातेल्यात सांगितलंत. पुढच्या वर्षी मी दर वाढवून मागायला येईन, तेव्हाही तुम्हीच शिजवा."