शकुनताईंच्या अंगणातला मुरूम

शकुन गावंडे अकोला-परतवाडा गाडीवर कंडक्टर आहेत. बावीस वर्षं नोकरी झाली. आवाज असा खणखणीत, की मागच्या सीटवर झोपलेल्या माणसाचाही थांबा चुकत नाही.

अकोल्यात घर बांधलं तेव्हा त्यांनी पुढची जागा बागेसाठी हट्टानं मोकळी ठेवली. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं. दोन उन्हाळ्यांत गुलाब वाळून गेले, तेव्हा नवरा किशोर म्हणाला, "फरशी टाकून देऊ."

"फरशीले काय पाहत बसू मी? कमी पाण्याची झाडं लावते."

मग ड्युटीवर असताना त्या झाडं जमवू लागल्या. अकोटच्या थांब्याजवळच्या घरातून कोरफडीचं पिल्लू, अंजनगावच्या एका शिक्षिकेकडून जेडची फांदी, कुठून पानफुटीचं एखादं पान. जाड पानांची ही झाडं मे महिन्याच्या उन्हात दहा-दहा दिवस पाण्यावाचून राहिली. ताईंना वाटलं, जमलं.

ऑगस्टमध्ये पावसाची झड लागली आणि आठवडाभरात सगळी झाडं सडून बसली. उपटून पाहिलं तर मुळं काळी पडून चिकट झाली होती. उन्हानं मारली असती तर ताईंना एवढं लागलं नसतं. पाण्यानं मेलेली पाहून त्यांना रागच आला. नर्सरीत दाखवायला म्हणून त्यांनी एक सडकी कोरफड पिशवीत घातली आणि ड्युटीवर निघाल्या.

त्या गाडीत अचलपूरचे इनायतुल्ला मिस्त्री होते, नेहमीचे प्रवासी. पिशवी पाहून त्यांनी विचारलं, "ताई, हे काय घेऊन चालल्या?"

ताईंनी सगळं सांगितलं.

"लावलं कशात होतं?"

"अंगणातल्या मातीत. चांगली काळी माती आहे, कापूस पिकते असी."

मिस्त्री हसले. "आमी काळ्या मातीवर पाया धरत नाही. ते पाणी धरते, फुगते. आधी खोदतो, मुरूम भरतो, त्यातून पाणी निघून जाते, मंग बांधतो. झाडाले भी तसंच करून पाहा ना."

नर्सरीत जायचं राहूनच गेलं. पुढच्या दोन सुट्ट्यांत ताईंनी आणि किशोरनं मिळून अंगण हातभर खोदलं, मुरूम आणि विटांचे तुकडे भरले. वर रेती मिसळलेली थोडी माती टाकून वाफे वीतभर उंच केले. शेजारच्या नीलमनं विचारलं, "ताई, चांगली माती काहून फेकून राहिल्या?" ताई म्हणाल्या, "पुढच्या पावसाळ्यात येऊन पाहा."

ताईंनी पुन्हा गावोगावची झाडं जमवून लावली, आणि नीलम पुढच्या पावसाळ्यात आली. सलग नऊ दिवस झड होती, पण एकही झाड सडलं नव्हतं. तिनं चार पिल्लं मागून नेली.

त्यानंतर डेपोतही ताईंच्या बागेची चर्चा झाली. कँटीनसमोर हिरवळ लावायचं ठरत होतं. ताई सरळ साहेबांकडे गेल्या. "हिरवळीले पाणी कोठून आणसाल? मले एक ट्रॉली मुरूम द्या आन् ते जागा द्या."

साहेबांनी दिली. आज तिथं पुरुषभर उंच निवडुंग आहे, त्याच्या पायाशी कोरफडीची दाट रांग, आणि भर मेमध्ये अडेनियमला गुलाबी फुलं येतात. मागच्या महिन्यात पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यानं विचारलं, "याची देखभाल कोण करतं?"

"मी," ताई म्हणाल्या. "पंधरा दिवसांतून एक बादली." मग घड्याळ पाहून त्या गाडीकडे निघाल्या.