थडगं, मनोरा आणि जोडखजुरी

अब्बांची कबर ओमानमधल्या एका लहानशा गावात आहे. मस्कतहून निघून डोंगरात बरंच आत शिरलं की हे गाव लागतं. मातीच्या जुन्या भिंती, खजुरीची बाग, एक मशीद आणि मागच्या उघड्याबोडक्या डोंगरावर रांगेने उभी असलेली दगडी थडगी. लांबून पालथ्या घातलेल्या रांजणांसारखी दिसतात. पाच हजार वर्षांपूर्वीची आहेत म्हणे. आत कुणी नाही, हाडंसुद्धा कधीच गेली. उन्हं चढली की शेळ्या तेवढ्या सावलीला जाऊन बसतात.

अब्बा रत्नागिरीकडचे, होडीवर वाढलेले. मासळीवर घर चालेना तेव्हा इथे बागेला पाणी सोडायच्या कामावर आले. समुद्राचा माणूस डोंगरात येऊन पडला याचं वाईट मला वाटायचं, त्यांना नाही. आपले शेजारी फार जुने आहेत आणि अजिबात भांडत नाहीत, असं ते फोनवर अम्माला सांगायचे. बागेच्या मालकाने, म्हणजे त्यांच्या अर्बाबने, त्यांना सांगितलं होतं की थडगी बांधणाऱ्या त्या लोकांच्या काळात इथलं तांबं जहाजांनी आपल्या बाजूच्या किनाऱ्याला जायचं. झालं, तेव्हापासून अब्बांनी त्यांना जवळपास नात्यातच घेऊन टाकलं.

एका सकाळी ते उठलेच नाहीत. मी तेव्हा मस्कतमध्ये, वादी कबीरच्या एका गॅरेजमध्ये कामाला होतो. पोचलो तेव्हा गुसल, म्हणजे मयताची अंघोळ, होऊन गेला होता. अब्बांना गावी न्यायचं तर कागदपत्रांत दिवस जाणार होते. अम्मा फोनवर म्हणाली की त्यांना ताटकळत ठेवू नका, तिथेच माती द्या. एवढं बोलून तिने फोन दुसऱ्याच्या हातात दिला.

या गावात कबरीवर नाव घालत नाहीत. पुरुषाला दोन दगड, बाईला तीन, तेही डोंगरातून उचलून आणलेले, साधे. राजा असो की रखवालदार, सगळे सारखे. एरवी मला हे आवडलं असतं. त्या दिवशी नाही आवडलं. मी नावाची पाटी लावायचं विचारलं, तर अर्बाब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की अल्लाला माहीत आहे. अल्लाला माहीत असणारच. मला आणि अम्माला कोण सांगणार?

मग मी अब्बांचीच रीत वापरली. भर समुद्रात मासळीची जागा पुन्हा सापडावी म्हणून आमच्याकडे किनाऱ्यावरच्या खुणा धरतात. एका बाजूला डोंगर आणि देऊळ एका रेषेत आणायचं, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या दोन वस्तू, आणि दोन रेषा जिथे मिळतात तिथे जाळं टाकायचं. मी कबरीपाशी उभा राहिलो. समोर मशिदीच्या मनोऱ्याच्या बरोब्बर मागे डोंगरावरचं तिसरं थडगं दिसत होतं. डाव्या हाताला बागेच्या कडेच्या जोडखजुरी एकीमागे एक लपून एकच झाड दिसत होतं. या गावात खजूर म्हणजे घरची लक्ष्मी, ती कोण तोडणार? खुणा मी अम्माला फोनवर सांगितल्या. तिने त्या पाठ केल्या. पुढे कधीही फोन केला की शेवटी विचारायची, खजुरी बऱ्या आहेत ना. मी दुक्मला बंदराच्या कामावर गेलो, अब्बांच्या या गावाकडे येणं सुटलं, तरी मी आपला हो म्हणायचो.

गेल्या हिवाळ्यात ती व्हिजिट व्हिसावर आली. गुडघे गेलेले, दम लागत होता. पुन्हा येणं व्हायचं नाही हे तिलाही कळत होतं आणि मलाही. आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. तिचं मागणं एवढंच होतं की मी अब्बांपाशी जाऊन उभं राहावं आणि तिने कबरस्तानाबाहेरच्या बांधावरून बघावं. एकदाच.

गाडीतून उतरलो आणि आधी जोडखजुरी शोधल्या. बागेच्या कडेला डांबर टाकून, पांढरे पट्टे मारून पार्किंग केलं होतं. थडगी बघायला आता पर्यटक येतात. मोठा बोर्ड होता, त्यावर थडग्यांचं वय, आकार, सगळी माहिती. मला त्या बोर्डाचा असा संताप आला की काय सांगू. ज्यांना रडायला कुणी उरलं नाही त्यांच्यासाठी एवढी सोय, आणि ती करताना माझ्या बापाची खूण पुसून टाकली.

मी काही बोलायच्या आत अम्मा बांधाला टेकून उभी राहिली होती. आधी तिने डोंगर बघितला, थडगी बोटाने मोजली, मनोरा बघितला. मग डावीकडे वळली आणि बराच वेळ त्या गाड्यांकडे बघत राहिली.

"खजुरी खय हायत रे?"

समोर दोन-दोन दगडांच्या कबरी लांबवर पसरल्या होत्या, एकीसारखी दुसरी. मी म्हटलं की खजुरी गेल्या, पण एक रेषा अजून आहे, तिच्यावरच कुठेतरी अब्बा आहेत, नक्की कुठे ते आता सांगता येणार नाही. हे बोलताना मला रडू आवरेना. अम्मा रडली नाही. पदर डोक्यावर सारखा केला.

"मग त्या रेघेवरना चालत जा," ती म्हणाली. "या टोकापासना त्या टोकापर्यंत. थांबू नको. खयतरी तू त्यांच्या बाजूनं जाशीलच."

मी चालू लागलो. मनोऱ्यामागे तिसरं थडगं धरून ठेवलं, कबरी चुकवत, सावकाश. जिथे वाटलं की हीच, तिथे पाय अडखळले, पण पुढे दोन पावलांवर पुन्हा तसंच वाटलं. शेवटच्या दगडांपाशी पोचून मी मागे वळलो. अम्माचे हात अजून दुवेसाठी वर होते, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. मी चालून आलो होतो त्या वाटेवर, मध्येच कुठेतरी, तिची नजर थांबली होती.