कुसुमच्या सासूला मी दिलेलं उत्तर

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. विहारात डोळे मिटून बसते तेव्हा स्वतःजवळसुद्धा धड नाही. तुम्हाला सांगते, पण मध्येच ‘जाऊ द्या, झालं गेलं’ असं म्हणू नका.

आधी कुसुमच्या सासूचं सांगते — ते मला सोपं जातं.

मी नागपुरात विणकरांच्या एका वस्तीत सरकारी नर्स होते. घरोघर फिरायचं, गरोदर बायका तपासायच्या, वेळ आली तर बाळंतपण करायचं. कुसुम तिथल्याच एका विणकराची बायको; तिचं पहिलं बाळंतपण मीच केलं. बाळ अडलं होतं, दवाखान्यात न्यायला वेळ नव्हता. ती पोर माझं मनगट धरून नुसतं ‘ताई, ताई’ करत होती. मुलगा झाला, रडला, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी हात धुऊन बाहेर आले, तर सासूनं कोनाड्यातला कान तुटलेला कप काढून मला चहा दिला. तसा कप कोणासाठी वेगळा ठेवतात, हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. मी चपला घालत होते, तेवढ्यात ती मी चाललेल्या जागेवर गोमूत्र शिंपडायला लागली. मी नजरेआड होईपर्यंत तरी थांबायचं! ज्या हातांनी तिचा नातू काढला, त्याच हातांचा विटाळ?

मी पुढच्या घरी गेले. नोकरी होती. पण त्या दिवशी म्हातारीचं खातं मनात उघडलं, ते उघडंच राहिलं.

आमच्या बाबांनी दीक्षा घेतली आणि घरातले देव काढले. कंदील आणि दोन लिंबं घेऊन त्यांनी मला ग्रहण समजावलं होतं — सावली आहे पोरी, बाकी सगळं थोतांड. हे आत्ता का सांगते, ते कळेलच.

पुढे काही वर्षांनी, ऐंशीच्या सुमाराला, आम्हा नर्सेसचं एक प्रशिक्षण झालं. लहान मुलांच्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर ‘ऑटिझम’ असा शब्द लिहिला. आमच्यापैकी कोणी तो ऐकला नव्हता. काही मुलं हाक मारली तरी बघत नाहीत, बोलत नाहीत, वस्तू ओळीनं मांडत बसतात, आवाज झाला की कान झाकतात. ही मुलं वेडी नाहीत, बाधलेली नाहीत. त्यांच्याशी थोड्या शब्दांत बोला, रोजचा क्रम मोडू नका, धाक दाखवू नका. आणि एक वाक्य बाईंनी आमच्याकडून म्हणून घेतलं — घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसासमोर सांगायचं, की यात आईचा दोष नाही. ते सांगितलं नाही तर बाकीचं सगळं वाया, असं त्या म्हणाल्या.

ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांपुढे कुसुमचा मुलगा उभा राहिला. पाचेक वर्षांचा झाला होता, अजून बोलत नव्हता. बापाचा माग सुरू झाला की कानावर हात ठेवून कोपऱ्यात बसायचा, सुताच्या कांड्या रांगेत लावत. जेवायचा फक्त आईच्या हातून.

आपापल्या भागात असं मूल असेल तर घरी जाऊन समजवा, असं आम्हाला सांगितलं होतं. मी गेले. या वेळी बसायला खुर्ची मिळाली, आणि कपाला कानही होता. गरज पडली ना आता! म्हातारी माझ्यासमोर उकिडवी बसली.

“बाई, तुमी शिकलेल्या आहा. सांगा बरं, पोटुशी असताना हिनं ग्रहणात कांड्या भरल्या, सूत तोडलं. म्हून तं पोराची वाचा गेली ना?”

ग्रहणात गरोदर बाईनं काही कापू नये, तोडू नये, हे तिकडे घरोघर पाळतात. कुसुमनं पाळलं नव्हतं; माल द्यायचा राहिला होता, म्हणून चरख्यावर बसली होती. ती मागच्या दारात उभी होती. मला दिसत होती. तिचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते.

डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य माझ्या ओठांवर होतं. आणि मला गोमूत्राचा वास आला — खरंच आला. वाटलं, तुला तुझा विटाळ, तुझं ग्रहण इतकं प्यारं आहे ना? मग राहा त्यातच. माझ्याकडे आहे ते तुला मिळणार नाही. लाग भगतांच्या पायी, झिजव उंबरे.

मी म्हणाले, “पाळायला पाहिजे होतं.”

काय सांगू तुम्हाला, किती गोड वाटलं! बाबांच्या तोंडाला काळं फासलं, पण गोड वाटलं. चहा संपवला आणि उठले. कुसुमकडे पाहिलं नाही. असं नाही की ती माझ्या लक्षात नव्हती. होती.

महिना-दोन महिन्यांत तिला उमरेडला माहेरी पोचवलं, मुलाला ठेवून घेतलं. नवऱ्यानं दुसरी केली. मुलगा दिवस-दिवस जेवायचा नाही, दारात उभा असायचा, असं वस्तीत ऐकलं. म्हातारी सुकत गेली, भगतांमागे फिरून पार खंगली. तिची दया मला तेव्हा आली नाही. आजही येत नाही. तो कबुलीजबाब मी देत नाही आहे.

मधल्या काळात मीच शिकवायला लागले. नव्या नर्सेस, अंगणवाडीच्या बाया — सगळ्यांना हाच विषय. चांगलं शिकवते असं सगळे म्हणायचे. मी कुसुमची गोष्ट उदाहरण म्हणून सांगायचे, सासूचा प्रश्नसुद्धा. एकदा एका पोरीनं विचारलं, “मॅडम, तिथली सिस्टर काय बोलली मंग?” मी म्हणाले, तिथे कोणी सिस्टर गेलीच नव्हती. त्या सगळ्यांनी मान हलवली.

मग उमरेडला एक प्रशिक्षण लागलं. ते आटपून स्टँडवर आले, तर कुसुम. वाळली होती, तरी ओळखलं मी. तिनं माझं मनगट धरलं, बाळंतपणात धरलं होतं तसंच. मी मुलाचं विचारलं. भेटायला जातेस का?

“नाई वं ताई. माह्यामुळंच झालं ना ते — तुमीच तं सांगतलं. मी दूर राहिली तं त्याले वाचा येईन.”

सासरच्यांनी अडवलंय असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्यांनी नव्हतं अडवलं. सासूच्या बोलण्यावर तिचा विश्वास कधीच नव्हता. माझ्यावर होता.

म्हातारी तेव्हा मरून वर्ष झालं होतं. सूड घ्यायला कोणी उरलं नव्हतं; ते वाक्य आता तरी सांगता आलं असतं. नागपूरची बस लागली. मी कुसुमला म्हणाले, तब्येतीला जप, आणि चढले.