कूलरची आपसी बदली

आमचा कूलर गेला तो अमेरिकेतल्या एका बास्केटबॉल टीममुळे. टीमचं नाव सांगत नाही. तिच्या चाहत्यांना आधीच पुरेसं दुःख आहे, आणि त्यांतली एक माझ्याच घरात राहते.

ती म्हणजे माझी मुलगी मुक्ता, वय सोळा. मी केंद्र सरकारचा नोकर, मूळचा नागपूरचा. बदली होऊन चंडीगडला आलो त्याला पाच वर्षं झाली. इथं आल्यापासून मुक्ताला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं, आणि गेल्या दोन वर्षांत तेही आखडत आलंय. ‘हां पापा’, ‘नहीं पापा’ आणि ‘पापा, प्लीज’ एवढ्या तीन वाक्यांवर आमचा सगळा कारभार चालतो.

पण हीच मुलगी रविवारी सकाळी न थांबता बोलते. त्या वेळी अमेरिकेतल्या मॅचेस लागतात आणि आमच्याच सरकारी ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर राहणारे ढिल्लनजी आपल्या मुलीला, गुरलीनला, घेऊन आमच्याकडे येतात, कारण टीव्ही आमचा मोठा आहे. ढिल्लनजी एकेकाळी युनिव्हर्सिटीकडून खेळलेत (हे ते दर रविवारी एकदा सांगतात). मी चहा घेऊन आत जायचो, कप ठेवायचो आणि उगाच रेंगाळायचो. खरं सांगायचं तर मला त्या गप्पांत घुसायचं होतं. माझ्या मुलीने माझ्याशी तसं बोलावं, एवढंच मला हवं होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी चहा घेऊन गेलो तर मॅच बंद आणि भांडण चालू! त्यांच्या टीमने अकरा वर्षं खेळलेला आपला लाडका खेळाडू दुसऱ्या टीमला देऊन टाकला होता (त्याला ते ‘ट्रेड’ म्हणतात). बदल्यात मिळाला एक तेविशीतला सातफुटी पोरगा (गुडघा नाजूक) आणि दोन ‘पिक’. पिक म्हणजे पुढच्या दोन वर्षांत नव्या पोरांतून आधी निवडायचा हक्क, असं गुरलीनने मला समजावलं. थोडक्यात, हातातला माणूस द्यायचा आणि अजून भरतीच न झालेला माणूस घ्यायचा.

ढिल्लनजींचं म्हणणं, सौदा उत्तम आहे, म्हातारा झाला होता, पुढचा विचार करायला हवा. मुक्ताचं म्हणणं, त्या माणसाने टीमसाठी जीव काढला आणि त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. तिचे डोळे भरून आले होते. गुरलीन जो बोलेल त्याच्या बाजूने मान हलवत होती.

माझ्या डोक्यात मात्र दिवा लागला. अहो, ही तर बदली! मी बावीस वर्षं ऑफिसात आस्थापना विभागात बदल्यांच्याच फायली हाताळतोय. मी फूलस्केप कागद घेऊन वेताच्या मोढ्यावर बसलो आणि पहिला प्रश्न टाकला, ही विनंती बदली की प्रशासकीय? त्याचा अर्ज होता का? बायको कुठं नोकरीला? मुलं दहावी-बारावीला आहेत का? यातलं काहीच बघितलं नसेल तर ही बदली पहिल्याच हरकतीत रद्द होण्यासारखी आहे, असं मी ठणकावून सांगितलं.

मुक्ताने माझ्याकडे वळून बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. “देखा अंकल?” ती ढिल्लनजींना म्हणाली, “पापा भी यही बोल रहे हैं।”

शहाणा माणूस तिथं उठला असता आणि कप विसळायला गेला असता. मी पुढचा रकाना भरायला घेतला. एकाच ठिकाणी किती वर्षं? गुरलीन म्हणाली, ग्यारह. माझ्या तोंडून निघून गेलं, “अकरा? मग तो कधीचाच ड्यू होता! आमच्याकडे सहा वर्षांच्या वर कुणाला एका जागी ठेवत नाहीत.”

ढिल्लनजींनी मांडीवर अशी थाप मारली की बशीतलं बिस्किट उडालं. मुक्ताचा चेहरा पाहवेना. मी सारवासारव करायला गेलो, आणि रोटेशनचे फायदे या विषयावर आणखी चार वाक्यं बोलून बसलो.

“पापा,” ती शांतपणे म्हणाली, “आपने ज़िंदगी में अपनी कोई चीज़ छोड़ी है? पहले छोड़ के दिखाओ, फिर बोलना।”

वर्मी लागलं, कारण खरं होतं. मी शाई वाळलेली पेनंसुद्धा टाकत नाही. आता ती पेनं ढिल्लनजींना दिली असती तरी मुद्दा सिद्ध झाला असता. पण माझी नजर गेली बाल्कनीत, जुन्या चादरीखाली झाकलेल्या कूलरवर. लोखंडी बॉडीचा, नागपूरचा, लग्नाच्या वर्षी घेतलेला. पाच बदल्यांत ट्रकमधून फिरलेला. दरवर्षी एप्रिलमध्ये जाळीतलं गवत बदललं की पुन्हा नवा. फेब्रुवारीत, अंगात स्वेटर असताना, कूलरसारखी निरुपयोगी वस्तू जगात दुसरी नसते. आणि ढिल्लनजींकडे सासऱ्यांचा एक एसी पडून होता. दिसायला देखणा, फारसा न वापरलेला.

दहा मिनिटांत सौदा ठरला. माझा कूलर त्यांना, त्यांचा एसी मला, आणि वर दोन पिक, म्हणजे येत्या दोन हिवाळ्यांत मिसेस ढिल्लनच्या हातचं एकेक पातेलं सरसों का साग. ढिल्लनजी म्हणाले, जुबान काफी है. पण मी आस्थापनेतला माणूस! मी रीतसर आपसी बदलीचा आदेश लिहून काढला. कलम एक, दोन्ही वस्तू आहे त्या स्थितीत स्वीकारल्या जातील. कलम दोन, रुजू होण्याचा दिनांक आजचाच. कलम तीन, पिकांबाबत. कलम चार मला विशेष आवडलं. ‘सदर बदली अंतिम असून याविरुद्ध कोणतीही विनंती अथवा हरकत विचारात घेतली जाणार नाही.’ ते मी ढिल्लनजींना हिंदीत समजावलं, दोघांनी सह्या केल्या आणि प्रत त्यांना दिली. कूलर वर नेताना मी पुढून जिना दाखवत होतो.

या सगळ्या काळात माझी बायको वैशाली चंडीमंदिरच्या छावणीत होती. तिथं लष्करातल्या एका मराठी ऑफिसरच्या घरी हळदीकुंकू होतं. ती परत आली, हातातला वाणाचा डबा टेबलावर ठेवला आणि बाल्कनीत वाळत घातलेले कपडे आणायला गेली. बराच वेळ आत आलीच नाही.

“कूलर काऊन दिसून नाही राह्यला?” बाल्कनीतून आवाज आला.

मी ट्रेड, पिक आणि टीमचं भविष्य हे सगळं सविस्तर सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “नागपूरचा माणूस कधी कूलर देऊन टाकते का जी?” आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून पुढे दोन दिवस मला भाजीत मीठ आहे की नाही हे स्वतःच तपासावं लागलं.

पण खरा धक्का मुक्ताने दिला. मला वाटलं होतं, मी काहीतरी सोडून दाखवलं म्हणून ती खूश होईल. ती बाल्कनीतल्या त्या रिकाम्या जागेकडे बघत उभी राहिली. लहानपणी ती त्या कूलरच्या समोर तोंड नेऊन ‘आऽऽ’ करायची आणि आवाज थरथरत परत आला की खिदळायची. हे मला तेव्हा आठवलं, म्हणजे आदेशावर सही झाल्यावर. त्या आठवड्यात ‘पापा, प्लीज’सुद्धा बंद झालं.

मार्चमध्ये एसी झकास चालला. (गरज नव्हती, पण मी लावत होतो. वैशाली आणि मुक्ता शाली पांघरून बसायच्या.) तिकडे तो सातफुटी पोरगाही बरा खेळत होता. मी आणि ढिल्लनजी जिन्यात भेटलो की एकमेकांकडे बघून हसायचो.

मे उजाडला. त्या सातफुटी पोऱ्याचा गुडघा गेला आणि तो कोट घालून बाकावर बसायला लागला. त्याच आठवड्यात आमच्या एसीने वीस मिनिटं गार हवा देऊन पलंगावर पाणी सोडायला सुरुवात केली. मेकॅनिक आला, आत डोकावला आणि मला विचारलं, किसने दिया? मी वर गेलो. ढिल्लनजींनी कबूल केलं की एसी एरवी चांगला आहे, फक्त ‘गर्मियों में थोड़ा नखरा करता है’. मी कूलर परत मागितला. त्यांनी अतिशय दुःखी चेहऱ्याने कपाट उघडलं, माझा आदेश काढला आणि कलम चारवर बोट ठेवलं.

जूनमध्ये फायनल आली. चंडीगडची सकाळची सातची हवासुद्धा तव्यावरून आल्यासारखी. त्यामुळे टीव्ही मोठा असूनही आम्ही तिघं वर, ढिल्लनजींच्या हॉलमध्ये, माझ्याच कूलरच्या समोर सोफ्यावर ओळीने बसलो होतो. मुक्ताची टीम कधीच बाहेर गेली होती. पण तिचा तो म्हातारा नव्या टीमकडून फायनल खेळत होता, आणि काय खेळत होता! तो धावत आला, उडी मारली, चेंडू जाळीत. कूलर घरघरत होता. वैशाली डोळे मिटून हवा खात होती. मला राहवलं नाही.

“मुक्ता, तुझंच बरोबर होतं गं,” मी म्हणालो. “द्यायला नको होता.”

“कौन? प्लेयर या कूलर?”

“दोघंही. तुझं मन मोडलं मी. चुकलंच माझं.”

ती हसली. अगदी मोकळं. ढिल्लनजींना मराठी कळलं नाही, पण हवा निवळलीय हे कळलं आणि ते रंगात आले. म्हणाले, “चल पुत्तर, अगला ट्रेड. पापा दे दे। बदले में जो चाहे, ले जा।”

मुक्ता माझ्याकडे सरकली आणि त्यांना कळू नये म्हणून हळूच, चक्क मराठीत म्हणाली, “बाबा, तुम्हाला नाही देणार आम्ही कुणाला.”

समोर फायनल, अंगावर गार वारा, शेजारी माझी मुलगी. गप्प बसायचं सोडून मी विचारलं, “का गं?”

“दुसऱ्या टीमने पण हो म्हणायला पाहिजे ना, बाबा.”

पाच वर्षांत ती माझ्याशी मराठीत बोललेलं ते सर्वांत लांब वाक्य.