पमीच्या यादीतली सात ठिकाणं

झोप लागायच्या आधी थोडा वेळ माणूस धड इकडचं नसतं, धड तिकडचं नसतं. पुण्याच्या शरयूताई कारखानीस सध्या अशाच मधल्या ठिकाणी पडून आहेत, आणि हे मधलं ठिकाण प्राग शहरातल्या एका हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर आहे. दुपारचे अडीच वाजलेत. सहलीतली मंडळी शहर बघायला गेली आहेत. खोलीतल्या जोडीदार, नागपूरच्या दाणीबाई, जाताना म्हणाल्या, "पडून राहा तुम्ही जरा. गुडघा सुजला नं तुमचा. ते घड्याळ काही पळून नाही चाललं."

घड्याळ पळत नाही हे खरं, पण उद्या सकाळी विमान आहे आणि पमीच्या यादीतल्या सात ठिकाणांपैकी तीन अजून बाकी आहेत. पूल, जुनं कबरस्तान आणि चौकातलं घड्याळ. अर्धा तास पडायचं आणि उठायचं, असं ठरवून शरयूताईंनी डोळे मिटलेत.

पमी म्हणजे त्यांची पाठची बहीण, साताऱ्याला दिलेली. मागच्या श्रावणात गेली. दहाव्याला माहुलीच्या घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. झाडावर सहा-सात बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. पमीचा मुलगा म्हणाला, बाबांना अंतर देणार नाही. सुनेचे हात जोडून झाले. शेवटी शरयूताई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "पमे, तुझं प्राग मी बघून येईन. यादीतलं एकूण एक." आणि कावळा उतरला.

तिथं जमलेल्या सगळ्यांनी मान डोलावली. पमी वीस वर्षं वर्तमानपत्रांतली कात्रणं काढून वहीत चिकटवायची, हे घरच्यांना ठाऊक होतं. दर वर्षी तिचा फोन यायचा, "ताई, यंदा जाऊ या," आणि दर वर्षी ताईचं काहीतरी निघायचं. कधी मुंज, कधी सुनेचं बाळंतपण, कधी स्वतःचा गुडघा. तिचं प्राग आपल्यापायी राहिलं, हे घाटावर एकट्या शरयूताईंना माहीत होतं. आता शब्द पुरा झाला नाही तर पमी कुठंतरी अडकून राहील, अशी त्यांना धास्ती आहे. शिकल्यासवरल्या बाईनं असं मानू नये, हे त्यांना कळतं. पण कळणं वेगळं आणि धास्ती वेगळी.

बाथरूमचं दार उघडतं आणि पमी पदराला हात पुसत बाहेर येते. केस आजाराआधीसारखे, दाट.

"झोपलीस होय गं ताई?"

"नाही, नुसती पडलेय. चल, तीन राहिलीत."

खोलीबाहेर पडावं लागत नाही. पलंगावरून पाय खाली सोडले, तर पायांखाली पुलाचे दगड आहेत. दोन्ही बाजूंना काळे पडलेले संत उभे आहेत. एका पुतळ्याखालच्या पितळी चित्राला लोक रांगेनं हात लावतायत. चित्र हातांनी घासून पिवळंधमक झालंय.

"याला हात लावला की माणूस पुन्हा इथं येतं म्हणतात," शरयूताई सांगतात. "लाव की."

पमी दोन्ही हात पाठीमागे घेते.

"लाव गं. एवढीशी तर गोष्ट."

"तू लाव. मी बघते."

शरयूताई हात लावत नाहीत. एकटीनं पुन्हा येऊन करायचं काय? दोघी पुलाच्या टोकाला जिना उतरतात. अर्धा जिना प्रागचा आहे, खालच्या पायऱ्या माहुलीच्या. तोच घाट, शेवटच्या पायरीवर तोच कावळा. पमी त्याच्याकडे बघून हसते.

"त्याला भूक लागली होती, ताई. साडेबारा वाजून गेले होते."

"काहीतरीच काय? मी प्रागचं म्हटलं आणि उतरला."

"उतरला ना. पुढच्या माणसानं काहीही म्हटलं असतं तरी उतरला असता."

शरयूताईंना राग येतो. सोन्याच्या बांगड्या मोडून त्या इथवर आल्यात, ते काय कावळ्याच्या भुकेपायी? त्या तरातरा पुढे निघतात. गुडघा दुखत नाही, याचंही त्यांना नवल वाटत नाही. पायऱ्या संपतात तिथं कबरस्तान आहे. जागा इतकी अपुरी की थरावर थर देऊन माणसं पुरलेली आणि वरचे दगड एकमेकांवर रेलून उभे.

"वहीत लिहिलं होतंस तू," त्या कोरडेपणानं म्हणतात. "बारा बारा थर आहेत म्हणून."

"आपल्या मधल्या खोलीसारखं," पमी म्हणते.

आणि ती मधली खोलीच आहे. माहेरची, चार गाद्या सलग घातलेली, भिंतीकडे पमी आणि तिच्या शेजारी ताई. पमी गादीवर मांडी घालून बसते.

"मला प्राग बघायचं नव्हतं, ताई."

"वीस वर्षं कात्रणं काढलीस ती?"

"सहलीत दोघींना मिळून एक खोली देतात. आठ दिवस. मी आधी ते वाचलं. बघायची ठिकाणं मग शोधली."

शरयूताई शेजारच्या गादीवर टेकतात.

"त्याला प्राग कशाला हवं होतं?" त्या म्हणतात. "साताऱ्यालाही जमलं असतं."

"साताऱ्याला तू राहिलीस कधी?"

पुणे-सातारा अडीच तासांचा रस्ता. एकेचाळीस वर्षांत शरयूताई पमीकडे एक दिवसही मुक्कामाला राहिलेल्या नाहीत. सकाळी जायचं, जेवायचं, पाचच्या गाडीनं परत. पमी दवाखान्यात होती तेव्हाही दर मंगळवारी डबा घेऊन गेल्या आणि पाचला उठल्या. शेवटच्या मंगळवारीही. घरी वाट बघणारं तेव्हा कुणी नव्हतं. सवय होती, दुसरं काही नाही. ही आठवण इतके महिने त्यांनी स्वतःपाशीही काढली नव्हती.

एवढ्यात टोले पडतात. खोलीच्या कोनाड्यात प्रागच्या चौकातलं घड्याळ आहे. वरच्या दोन झरोक्यांतून एकेक संत तोंड दाखवून पुढे सरकतो आणि बाजूचा सापळा दोरी ओढून घंटा वाजवतो. त्याच्या गळ्यात कंडक्टरची चामडी पिशवी आहे. पाच.

"निघते गं पमे," शरयूताई उठतात. "पाचची गाडी." शब्द आपोआप तोंडून जातात.

"बरं," पमी म्हणते. ती नेहमी एवढंच म्हणायची. आत जाऊन ती पिशवी आणून देते. डबा घासून, पुसून आत ठेवलेला.

सापळा पुन्हा घंटा मारतो. दाराशी गाडी गुरगुरतेय. पिशवी हातात घेऊन शरयूताई उंबऱ्यापर्यंत जातात आणि तिथंच उभ्या राहतात. मग पिशवी खाली ठेवतात.

"जाऊ दे आज," त्या म्हणतात.

गाडी निघून जाते. पमीचा चेहरा मधल्या खोलीतल्या दहा वर्षांच्या पोरीचा होतो.

"बस इकडं," ती म्हणते. "केसांचा काय अवतार केलायस."

"खांदा धरलाय गं. हात मागं जात नाही. चिमटा लावते कसातरी."

पमी मागे बसते, चिमटा काढते, बोटांनीच गुंता सोडवायला लागते. तीन पेड पाडते आणि पहिलाच असा आवळते की शरयूताईंच्या भुवया वर जातात.

"सैल घाल की जरा."

"तू माझी कधी सैल घातलीस?"

दोघी हसतात. पेडावर पेड पडत जातो.

"दुखतंय का?"

"नाही," शरयूताई म्हणतात. दुखतंय, पण सांगितलं तर ती थांबेल. "पमे, मी चुकले गं. राहायला हवं होतं मी."

"मान सरळ ठेव," पमी म्हणते.

"आता मी राहतेय. तू राहशील ना?"

मागची बोटं वेणीच्या टोकाशी पोचतात.

दाराच्या कुलपात टिंग असा आवाज होतो आणि दिवा लागतो. दाणीबाई हातातल्या पिशव्या सावरत आत येतात.

"उठलात काय शरयूताई? साडेपाच झाले. काय गर्दी वो त्या घड्याळापाशी." मग त्या थबकतात. "अगं बाई, वेणी कोणी घालून दिली? तुमचा तर हातच उठत नाही."

शरयूताई डावा हात मानेवरून पुढे आणतात. वेणी आहे, पांढरी, बारीक, कानशिलं ताणतील इतकी घट्ट. टोकाला मात्र काही बांधलेलं नाही. शेवटचे दोन वळसे सुटून केस मोकळे झालेत आणि तिसरा सुटायला आलाय. शरयूताई टोक मुठीत धरतात. डोळ्यांतलं पाणी पुसायला दुसरा हात वर जात नाही, म्हणून ते तसंच वाहू देतात.

दाणीबाई घाबरून शेजारी बसतात. "काय झालं? घरची याद आली का? चला नं, अजून उजेड आहे. पूल तरी पाहून येऊ."

"नको हो. मी आज खोलीतच राहते," शरयूताई म्हणतात. "तुमच्याकडे एखादं रबर असेल का? सुटेल नाहीतर."